दोन ओळींत एकच मुलगी

सिंदी (मेघे), वर्धा
सोमवार, ७ सप्टेंबर १९८७

प्रिय कोकिळा,

पाकिटावर तुझे सासरचे नाव घातले आहे. आत मात्र ते माझ्याच्याने लिहवले नाही. तुझ्या आईने काल टाकलेल्या पत्रातील दोन विधाने मला दुरुस्त करावयाची आहेत. तिने ते वाचून दाखवले तेव्हा, दुसऱ्याच्या पत्रात लेखणी घालू नये म्हणून, मी ते तसेच जाऊ दिले. ती लिहिते, "शुक्रवारी तुह्या बाबाले वर्गात पोट्ट्यायचा राग आला, अन् खडू फेकून घरी निंघून आले." वार शनिवार होता. खडू मी टेबलावर ठेवला. आणि मला राग आला नव्हता. मी घाबरलो होतो. दुसरे विधान तुझ्या लहानपणच्या गोवराविषयीचे आहे. त्यावर तुझे बाळंतपण सुखरूप होणे अवलंबून आहे, म्हणून ते नीट क्रमाने सांगतो.

निवृत्त झालेल्या गणिताच्या प्राध्यापकाला इंजिनियरिंग कॉलेजने डेटाबेसचा प्राथमिक विषय दिला तो दुसरे कोणी मिळेना म्हणून, हे तुला ठाऊक आहे. संगणक थंड खोलीत असतो आणि बाहेर चपला काढाव्या लागतात. "सर, नारळ बी फोडाव काय?" असे एकाने पहिल्याच दिवशी विचारले. आमची पाळी क्वचित येते, त्यामुळे बहुतेक विषय मी फळ्यावरच शिकवतो. माहिती तक्त्यात मांडावी; एका माणसाची एकच ओळ असावी; आणि ती ओळ हमखास सापडावी म्हणून प्रत्येकाला अशी एक खूण द्यावी, जी दुसऱ्या कोणाची नसेल आणि कधीही बदलणार नाही. तिला प्रायमरी की म्हणतात. मी 'मुख्य किल्ली' म्हणतो. मुले हसतात, मी तरीही तेच म्हणतो.

शनिवारी दवाखान्याचा तक्ता करावयास दिला होता: रुग्णाचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, गाव, आणि शेवटच्या रकान्यात कोणते औषध सोसत नाही ते. मुलांनी पहिल्या तीन रकान्यांची मिळून किल्ली केली. ही चूक ते करणार याची मला खात्री होती आणि उत्तरही तयार होते: रोहण्याला दोन रूपराव महादेवराव निघाले, तर दोघांची एकच ओळ होईल. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, लग्नात माह्या आईचं नाव बदललं, मागचं नाव बदललं, गावही बदललं. मंग टेबलात ते एक बाई धराव का दोन?" वर्ग हसला. प्रश्न उत्तम होता. उदाहरण म्हणून जे सुचले ते मी फळ्यावर लिहिले. पहिल्या ओळीत कोकिळा, वासुदेवराव, वर्धा. दुसऱ्या ओळीत सुलोचना, प्रभाकरराव, यवतमाळ. पहिल्या ओळीचा शेवटचा रकाना मी सहज भरला. दुसऱ्या ओळीचा भरण्यासाठी हात उचलला, आणि लक्षात आले की तिकडे तो भरणारे कोणीच नाही. मी वर्ग सोडला.

आता गोवर, जो आईने कालच्या पत्रातही लिहिला आहे. तुझी सोयरीक जुळली तेव्हा आईने सांगितले, "लहानपणी गोवर निंघाला होता, बस." दवाखान्यात केसपेपर करताना तुझ्या सासूबाईंनी तेच सांगितले, असे तूच लिहिलेस. आई खोटे बोलली नाही. तू आजारी पडलीस त्या वेळी ती भावाच्या लग्नासाठी रोहण्याला होती. परतली तेव्हा तुझ्या अंगावर पुरळ तेवढा उरला होता. तू चार वर्षांची होतीस. घसा सुजला म्हणून पेनिसिलीनची सुई दिली, आणि आपण दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत तुझे ओठ निळे पडले. तुला उचलून मी पुन्हा आत धावलो. हे औषध या मुलीला जन्मात देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले. आई घाबरेल म्हणून ते मी घरी सांगितले नाही. गोवर नंतर अडीच वर्षांनी निघाला, आणि आईच्या आठवणीत दोन्ही दुखणी एका ओळीत गेली. वर्ध्याचे डॉक्टर तुला चेहऱ्याने ओळखत; पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे; त्यामुळे मला कधी काळजी वाटली नाही. आता तुझा रक्तदाब वाढला आहे, बसचा प्रवास बंद झाला आहे, आणि पोट उघडावे लागेल असे प्रभाकररावांनी कळवले आहे. अशा ऑपरेशननंतर पेनिसिलीन देण्याची पद्धत आहे.

काल रविवारी तारघर बंद होते, म्हणून आज सकाळी ते उघडताच मी थेट तुझ्या यवतमाळच्या डॉक्टरांना तार केली. घराच्या फाटकापाशी पोहोचल्यावर मजकूर पुन्हा मनात वाचला: 'कोकिळाला पेनिसिलीन देऊ नये.' त्या दवाखान्यात कोकिळा नावाची कोणी बाई नाही. तसाच तारघराकडे परत फिरलो, तर यवतमाळची लाइन बंद पडली होती. ती सुरू होताच दुसरी तार करता यावी म्हणून मी येथे थांबलो आहे. नंतर मिळेल त्या गाडीने निघतो. शेजारचे हिरालालजी कापडाच्या खेपेसाठी संध्याकाळच्या गाडीने तिकडे येत आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो. वाचून झाले की घडी घालून उशाखाली ठेवू नकोस. प्रभाकररावांना दे, आणि त्यांनी ते आजच डॉक्टरांच्या हातात द्यावे. सासूबाई विचारतील, "मंग आधी काऊन नाई सांगतलं?" त्यांना माझ्याकडे बोट दाखव. खालच्या तारखा डॉक्टरांसाठी आहेत. प्रत्येक पडताळून लिहिली आहे.

तुझ्या दोन्ही नावांचा,
बाबा

जन्म: ३ ऑगस्ट १९६३. शाळेच्या दाखल्यावर १ जुलै आहे. ती गुरुजींनी स्वतःच्या सोयीने घातली.

पेनिसिलीनची सुई: ५ मार्च १९६८. आई यालाच गोवर समजते आणि होळीनंतरचा म्हणते. होळी त्यानंतर आली.

गोवर: नोव्हेंबर १९७०. वेगळे दुखणे.

लग्न: १९ मे १९८५. त्याआधीचे सर्व कागद कोकिळा वासुदेवराव कडू या नावाने, नंतरचे सुलोचना प्रभाकरराव राऊत या नावाने. बाई एकच.