खिडकीखालचा नळ

आई, सिंक खिडकीखाली गेलं. तुझ्याशिवाय हे सांगायला कोणी नाही, म्हणून लिहितेय. तू गेल्यावर राजाजीनगरच्या या घरात कितीतरी वर्षं भाडेकरू राहिले, आणि आता मी परत राहायला आले तर ओट्यामागची भिंत ओल धरून फुगलेली. आतला पाइप कुजला होता. भिंत फोडायचीच होती, तेव्हा प्लंबरला विचारलं, नळ आणि सिंक खिडकीखाली नेता येईल का? त्याने टेप लावली, बाहेर जाऊन गटार पाहिलं आणि म्हणाला, "थोडा तोडना पडेगा, अक्का. अष्टे." एवढंच. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि ढसाढसा रडले. तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं, मी भिंतीसाठीच रडतेय.

एवढंच होतं ना गं? बाबा सरकारी कारखान्यातले इंजिनिअर, त्यामुळे नळ आणि नळ्यांच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द शेवटचा. "उतार मिळणार नाही, पाणी उलटं येईल," असं त्यांनी एकदा सांगितलं आणि विषय मिटला. मग तू जन्मभर भिंतीकडे तोंड करून भांडी घासलीस. डावीकडे कावेरीचा नळ, पिण्याचा. उजवीकडे बोअरचा, मचूळ पाण्याचा. कोणी कावेरीच्या पाण्याने ताटली विसळली की तू मागे न बघताच ओरडायचीस, नुसत्या धारेच्या आवाजावरून. तुझा चेहरा आठवायला मला अल्बम काढावा लागतो. पाठ मात्र डोळे मिटले की समोर उभी राहते, कमरेला खोचलेला ओला पदर आणि मानेवर सैल झालेला अंबाडा.

मी शाळेतून येते. फाटक वाजतं. "कोण?" तू विचारतेस. मी मुद्दाम गप्प. "अगं, बोल की! तू आलीस का दूधवाला, हे काय मी भिंतीला विचारू?" मला हसू येतं, तुला येत नाही. "खिडकीशी नळ असता तर तू कोपऱ्यावरूनच दिसली असतीस. चहा टाकून ठेवला असता." तुला हवं होतं ते इतकंच, घराकडे येणारं माणूस दिसावं.

बाबा गेल्यावर मी म्हटलं होतं, आता तरी करून घेऊ. तेव्हा मी इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याने राहायचे आणि रविवारची कशीबशी यायचे. तू कढई घासत होतीस. "राहू दे आता. येणारं कोण आहे?" रागावून नाही म्हणालीस, टोमणाही नव्हता तो. भाजीत मीठ आहे का सांगावं तसं सांगितलंस. ते वाक्य अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

जुनं सिंक निघालं तेव्हा त्याच्यासमोरच्या लाल कोब्यावर तुझी उभं राहायची जागा दिसली. तुझ्या पावलांनी तिथला रंग उडून गेलाय. टाइल्सवाला तिथेही टाइल लावायला निघाला, तर मी "बेडा! नको!" म्हणून ओरडले, इतक्या जोरात की शेजारच्या अक्का कंपाउंडवरून डोकावल्या. "एनायतु मा? काय झालं?" "काही नाही, अक्का. सगळं सरी, ठीक आहे," मी म्हटलं. आता सगळीकडे पांढऱ्या टाइल्स आणि मध्येच तो लाल, फिकट तुकडा. दिसतं विचित्रच. दिसू दे.

हल्ली मी खिडकीशी भांडी घासते. पाणी नीट जातं, अजून एकदाही उलटं आलेलं नाही. बाबा भेटले तर सांग त्यांना. इथून फाटक दिसतं, पुढचा कोपरा दिसतो, तू म्हणायचीस तसंच सगळं. तू इथे एक दिवस तरी उभी राहायला हवी होतीस गं.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? ओट्याच्या खणात राहील. फक्त एक सांगते, हसू नकोस. फाटक वाजलं की माझे हात थांबतात आणि मी वर बघते. कुरिअरवाला असतो, नाहीतर शेजारच्या अक्का. येणारं कोणी नाही, हे आता मलाही कळतं. तरी चहा मी दोघींचा टाकते.