नऊ वेळा पाहिलेला व्हिडिओ

व्होलोस, ३ नोव्हेंबर २०२३

ती. पोलिक्सेनी वन्संना मेल्पोचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. तुमच्या भावाच्या हृदयाची झडप १६ तारखेला बदलायची आहे. हल्ली आधी एक व्हिडिओ देतात. छाती कशी उघडणार, काय बसवणार, काय बिघडू शकतं, सगळं त्यात. तो बघून, समजून मग संमतीच्या कागदावर सही. १३ पर्यंत सही झाली नाही तर तारीख थेट उन्हाळ्यात, आणि डॉक्टर म्हणतात तोवर हे टिकणार नाहीत.

आणि व्हिडिओत बोलतंय कोण? आर्गिरो! हो, तीच, यांना नकार दिलेली. ऑपरेशनकडची मोठी सिस्टर झालीय म्हणे. साठी उलटली तरी केस बघा तिचे! यांनी नऊ वेळा पाहिला, वन्सं. मी मोजते. पस्तीस वर्षांत माझं कधी सलग अकरा मिनिटं ऐकलं नाही. काही होत नाही, करा सही, असं म्हटलं की म्हणतात, थांब, पुन्हा एकदा बघू दे. माझा नुसता जळफळाट होतो. तुम्हीच कान उपटा त्यांचे. सोबत अक्रोडाचा मुरंबा आहे.

लोभ माझ्यावरच असू द्या, त्या बाईला वाटू नका.

तुमची मेल्पो

झागोरा, ७ नोव्हेंबर

चि. सौ. मेल्पोस अ. उ. आ.

आधी पोट धरून हसले. या वयात सवतीमत्सर, तोही पडद्यावरच्या बाईचा! मग हसू आटलं. बाबांचं तुला अर्धंच ठाऊक आहे. हर्नियासाठी नेलं होतं. काही होत नाही, उद्या घरी, असं सगळे म्हणालो, मीसुद्धा. ते टेबलावरच गेले. तुझा नवरा, आपला स्ट्राटोस, तेव्हा बारा वर्षांचा होता, त्यांचे बूट मांडीवर घेऊन बाहेर बसला होता. तो हे कधी बोलायचा नाही.

तू शेजारी बसून बघ तो व्हिडिओ. बाईकडे नको, त्याच्याकडे बघ.

माया अशीच राहू दे, मुरंब्यात साखर मात्र कमी घाल.

पोलिक्सेनी

व्होलोस, २० नोव्हेंबर

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचूनही दोन दिवस फुगूनच होते. रविवारी बसले शेजारी. हे बघतच नव्हते हो, डोळे मिटून ऐकत होते. एकच वाक्य मागे नेऊन पुन्हा पुन्हा: शंभरातले दोघे-तिघे वाचत नाहीत. तिच्याच तोंडून का ऐकायचंय, असं विचारलं. तर म्हणाले, ती खोटं बोलत नाही, मी नको होतो तेव्हा तोंडावर नको म्हणाली. तू मात्र सगळ्यालाच काही होत नाही म्हणतेस.

हे फार झोंबलं, वन्सं. रडूच कोसळलं. मग यांना सांगून टाकलं की मला भीती वाटते, रोज रात्री तुम्ही झोपलात की तुमचा श्वास मोजते. त्यांनी चष्मा मागितला आणि सही केली.

गुरुवारी आर्गिरो स्वतः बाहेर येऊन सांगून गेली की झडप बसली, पण दोन दिवस धोका आहे. मेली खरंच खोटं बोलत नाही. केसही स्वतःचेच आहेत.

शुक्रवारी यांनी डोळे उघडले. आता सगळं ठीक ना, असं मला विचारलं. काही होत नाही, हे अगदी जिभेवर आलं होतं, गिळलं. म्हटलं, दोन महिने छाती दुखेल, खोकला आला की डोळ्यांत पाणी येईल, आणि मीठ बंद. हे हसले, दुखलं म्हणून कळवळले, आणि माझा हात धरून म्हणाले, पुन्हा एकदा सांग.

लोभ होताच, आता थोडा वाढवलात तरी चालेल.

तुमची मेल्पो