नितीनचे डोळे माझे आहेत

मी, मोरेश्वर भिवाजी घाटोडे, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण सहावी पास (सातवीत बसलो होतो, परीक्षा दिली नाही), धंदा संत्र्याची बाग, राहणार पांढुर्णा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. बीपीची गोळी सकाळी घेतली. कोणाचा दबाव नाही. मुलगी मालती दिवाळीपासून माझ्याकडे राहते, म्हणून उद्या कोणी म्हणेल की तिनेच लिहून घेतलं. तर ती आत भाकरी टाकत आहे आणि मी काय लिहितो ते तिला ठाऊक नाही. शाई काळीच आहे ना, एवढं मात्र तिला विचारून घेतलं. लाल शाईचं चालत नाही असं ऐकलं आहे. विचारावं का लागलं ते कलम तीनमध्ये येईल.

कलम १. राहतं घर माझ्या कमाईचं आहे, ते मुलगा गजेंद्र याला. वरची खोली मालती हवी तितके दिवस वापरील. बँकेतली ठेव दोघा भावंडांत अर्धी-अर्धी. छपरावरची टाकी गळते. आधीच लिहून ठेवतो, म्हणजे लपवलं असं व्हायला नको.

कलम २. शिडी आणि संत्रा तोडायच्या दोन्ही कात्र्या नातू नितीन याला. शिडी शेजाऱ्यांना देऊ नये. मागच्या वेळी पायरी मोडून आणली आणि आधीच मोडकी होती म्हणाले.

कलम ३. मोहगाव रस्त्यावरची दोन एकर संत्र्याची बाग. ही मी स्वतः घेतली, वडिलोपार्जित नाही, म्हणून कोणाला द्यायची तो माझा अधिकार आहे. ती कोणाला, हे सांगण्याआधी कारण लिहितो.

नितीन हा मालतीचा मुलगा, वय चोवीस. सावरगावचे हिरामणजी हे मालतीचे सासरे, म्हणजे माझे व्याही. नितीनच्या बारशाला त्यांनी पोराला मांडीवर घेतलं आणि चारचौघांत म्हणाले, "पाहा इवाईबुवा, नाक आमचं हाये, कपाळ आमचं हाये, कानाची पाळीबी आमच्या आबाजीचीच हाये. तुमच्याकडचं काई दिसत नाई बा!"

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या दिवसापासून मला त्या माणसाचा हेवा वाटतो. पोरगं चालायला लागलं तर चाल त्यांची. डाव्या हाताने लिहायला लागलं तर त्यांचा भाऊ डावखुरा. गणितात पहिला आला तर अक्कलही जाम नदीच्या पलीकडची, सावरगावचीच. मी दर खेपेला पोराला न्याहाळायचो. नखं पाहिली, भोवरा पाहिला. माझं काही सापडत नव्हतं.

मग नितीन सात वर्षांचा असताना बागेत आला. तोडा चालू होता. त्याने टोपली भरून आणली, त्यात अर्धी फळं हिरवी. हिरामणजी तिथेच होते. "काय रे, आंधळा हायेस का? कच्ची काहून तोडून राहिला?" पोरगं रडवेलं होऊन म्हणालं, "सारखीच तर हायेत, आजोबा."

मला त्या क्षणी कळलं. कारण मलाही ती सारखीच दिसतात.

हे मी या हंगामापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. लाल आणि हिरवा मला वेगळा कळत नाही, आणि गडद लाल तर काळाच वाटतो. पिकलं फळ मी देठाजवळ अंगठा दाबून ओळखतो, साल सुटलेली लागते, आणि वासावरून. लोक म्हणायचे, मोरेश्वर फार चिकट, एकेक फळ चाचपतो. बायको कलाबाईला, देवाघरी गेली ती, माहीत होतं. ती माझ्या टोपलीतली चुकलेली फळं गुपचूप बाजूला काढायची आणि कधी एक शब्द बोलली नाही. माझ्या आईचे वडील मोहगावचे. त्यांनी एका पोळ्याला बैलाचं एक शिंग लाल आणि एक हिरवं रंगवलं, आणि दोन्ही एकच रंग आहेत म्हणून गावाशी भांडले. लहानपणी मीही त्यांच्याच बाजूने भांडलो होतो.

तर त्या दिवशी बागेत मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. लाज होतीच, पण खरं सांगतो, मला आनंद झाला होता. नाक त्यांचं असू दे, डोळे माझे आहेत. ही एकच गोष्ट माझी होती आणि ती मला हिरामणजींच्या तोंडी जाऊ द्यायची नव्हती. सतरा वर्षं मनात ठेवली.

नितीनने चार वर्षं रेल्वेच्या इंजिन ड्रायव्हरच्या परीक्षेचा अभ्यास केला. रोज येऊन मला विचारायचा, "आजोबा, होईन ना मी?" मी म्हणायचो, "होशील." लेखी पास झाला. डोळ्यांच्या तपासणीत रंगीत ठिपक्यांतले आकडे त्याला दिसले नाहीत. सिग्नलचा लाल-हिरवा ज्याला कळत नाही त्याला इंजिन देत नाहीत. हे मला आधीपासून समजत होतं. पण देवाशपथ, मी ते स्वतःला समजू दिलं नाही.

त्यानंतर हिरामणजी मालतीला म्हणाले, "आमच्या घरात असं कोणीच नाई. खोट तुह्याच माहेरची." चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं काही मान्य केलं, तेही असं. मालती पिशवी घेऊन इकडे आली.

मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर रेघा काढून समजावलं. हे बापाकडून मुलीत जातं. मुलीला स्वतःला काही होत नाही, पण तिच्या एखाद्या मुलात उतरतं. मुलाच्या वंशात जात नाही, म्हणजे गजेंद्रची लेकरं सुटली. मला ते माझ्या आईकडून आलं, तिला तिच्या बापाकडून. आईने काय केलं होतं? काही नाही. मालतीने काय केलं? काही नाही. जे केलं ते मी केलं, गप्प बसून.

म्हणून ही बाग मालतीला. नितीनला परस्पर देत नाही. माझं जे त्याच्याकडे गेलं ते तिच्या हातून गेलं, तर बागही तिच्याच हातून जाईल, तिला वाटेल तेव्हा. नितीनला अंगठ्याने फळ ओळखायला मी या हंगामापासून शिकवतो आहे. पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांचं त्याला सांगितलं, तर तो टोपली ठेवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सांगायचं होतं ना, आजोबा." मी त्याचा अंगठा धरून पुढच्या फळावर टेकवला. परवा त्याने डोळे मिटून चाळीस फळं तोडली, त्यात दोनच कच्ची निघाली. माझी पहिल्या वर्षी जास्त निघायची. याचाही मला थोडा हेवा वाटला.

कलम ४. व्याही हिरामणजी यांना या मृत्युपत्राने काहीही नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात. फार चांगलं झालं, कारण साक्षीदार तेच हवेत. त्यांनी कलम तीन मालतीसमोर मोठ्याने वाचावं आणि मगच सही करावी. त्यानंतर मालतीने सावरगावला जायचं की नाही, ते तिचं तिने ठरवावं.

वरील सर्व मी समजून लिहिलं. सही दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर केली.

मोरेश्वर भिवाजी घाटोडे
(सही)

साक्षीदार १: सुखदेव कळंबे, पांढुर्णा (सही)

साक्षीदार २: हिरामण बोबडे, सावरगाव (सही). सांगितल्याप्रमाणे मोठ्याने वाचले. सूनबाईला बोललो ते चुकले, तिच्यासमोर मागे घेतले. नाक आमचेच आहे.

ठिकाण: पांढुर्णा
दिनांक: ११ डिसेंबर २०२५