दोन बोटी, तीन दरपत्रकं

३ मार्च २०१९, रविवार
निर्णय पक्का. शिडाची बोट घ्यायची. सेकंड हॅण्ड चालेल, पण केबिन, दोन बिछाने आणि स्टोव्हची सोय पाहिजे. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली, धरणांच्या फायली सांभाळल्या, पण स्वतः पाण्यावर एकदाही बसलो नाही. आता रिटायर झालोय, पैठणच्या धरणावर, नाथसागरात बसणार.
बायकोला, मीनाक्षीला, सांगितलं. तिनं विचारलं, नाथसागरात पाणी कुठाय? म्हणालो, माझ्या अभ्यासानुसार यंदा पाऊस भरपूर. ती म्हणाली, नळ आठव्या दिवशी येतो, त्याच पैशात अंगणात मोठी टाकी बसवू. हिची झेप अंगणापर्यंतच.

५ मार्च
आजपासून रोज पोहायला जायचं. (पोहता येत नाही, हे बोट घेण्याच्या आड येऊ नये.)
सायं. : जलतरण तलाव पाणीटंचाईमुळे बंद. घरीच स्टुलावर पालथा पडून वीस मिनिटं हात मारले. पाठ धरली.

९ मार्च
बोट क्र. १. पैठणला रामकिसनची 'जलपरी'. लाकडी. धरणाच्या कोरड्या पात्रात उभी, पाणी तिथून दीड किलोमीटर आत. केबिनमध्ये शेळी बांधलेली. रामकिसन म्हणाला, सायेब, दोन वर्षं झाली, हिला पाण्याचा थेंब लागला नाय, लाकूड सडायचा सवालच नाय. मुद्दा पटला.

१४ मार्च
बोट क्र. २. दौलताबाद रोडला, घरापासून दहा मिनिटं. मालकीण सोनियाताई. त्यांचे मिस्टर विश्वजीत बिल्डर आहेत. 'लेक व्ह्यू' स्कीमच्या जाहिरातीसाठी त्यांनी बोट मुंबईहून ट्रेलरवर आणली होती. फ्लॅट विकले गेले, लेक राहून गेला. बोट फायबरची, पांढरीशुभ्र. डोलकाठी विजेच्या तारांत अडकत होती म्हणून कापली. शीड साईटवर सिमेंटच्या गोण्यांवर पांघरलंय. सोनियाताई म्हणाल्या, हिच्यावर फोटो एकदम कडक येतात.

१५ मार्च
निवड अवघड. एकीत शेळी, दुसरीला काठी नाही. घाई करणं माझ्या स्वभावात नाही. रीतसर तुलनात्मक तक्ता करणार.
अडचण : नियमानुसार बंद पाकिटात तीन दरपत्रकं लागतात, बोटी दोनच. पण तिसरं दरपत्रक ही नुसती औपचारिकता. ऑफिसातही ते ओळखीच्या दुकानदाराकडून नावापुरतं आणायचो. मीनाक्षी म्हणाली, तिसरं मी आणते. शेवटी आलीच माझ्या बाजूला.
अटी टाइप केल्या : पाणी झिरपू नये. उन्हात तडकू नये. आत किमान एक माणूस मावावा. पडेगावला घरपोच. सर्व अटी पूर्ण करणारा सर्वांत कमी दर मंजूर. शिडाबिडाचं लिहिलं नाही, समजणाऱ्याला समजतं.

२२ मार्च
गाठींचा सराव. वाळत घालायच्या दोरीवर खलाशी गाठ मारली. सुटेना. मीनाक्षीनं विळीवर दोरी कापली. गाठ उत्तम होती, हे कुणी लक्षात घेत नाही.
कॉलनीत सगळ्यांना सांगून ठेवलं. शेजारच्या वच्छलाबाईंना पहिल्या फेरीचं आमंत्रण दिलं. त्यांनी विचारलं, धुणं घेऊन येऊ का?

३१ मार्च, सकाळी ११
पाकिटं उघडली.
रामकिसन : कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलंय, 'भाव बसून बोलू'. शिक्का नाही. बाद.
सोनियाताई : दर आहे, पण 'ट्रेलर तुमचा'. घरपोच नाही. बाद.
तिसरं : कडुबा, टाक्या व पाइपचे व्यापारी, पडेगाव. लेटरहेड, शिक्का, सही, मुदत, सगळं जागच्या जागी. वस्तू : पाच हजार लिटरचं पात्र. झिरपत नाही, तडकत नाही, धुण्यासाठी आत माणूस मावतो, घरपोच.
मी म्हणालो, अगं, ही टाकी आहे. तिनं माझाच अटींचा कागद पुढे केला आणि म्हणाली, टाकी चालत नाही असं कुठं लिहिलंय ते दाखवा. एकतीस वर्षं जेवताना हे नियम मीच तिला ऐकवलेत.

दुपारी ३
कागद चार वेळा वाचला. तसं वाक्य नाही. फेरनिविदा काढू, असं सुचवलं. ती म्हणाली, कारण लेखी द्या. कारण एकच, मला बोट पाहिजे. असलं कारण मी आजवर कुणाच्या फायलीवर चालू दिलं नाही.

सायं. ५
कडुबाचा दर मंजूर केला. सही करताना वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

७ एप्रिल
टाकी आली. काळी. कडुबानं गल्लीतून लोळवत आणली. सगळी कॉलनी बघायला बाहेर. बोट कुठाय, असं विचारलं लोकांनी. म्हणालो, हा पहिला टप्पा. मग टँकर आला, टाकी भरली आणि लोक घागरी आणायला घरात पळाले.
मीनाक्षीनं विचारलं, नाराज आहात का? नाही म्हणालो. खोटं बोललो.
टाकी बसवताना चिखलानं माखलो होतो. तिनं अंघोळीला बादली भरून दिली. एरवी अर्धीच मिळते. थोड्या वेळानं दाराबाहेरून विचारलं, अजून एक देऊ का? गेल्या दोन वर्षांत या घरात असं कुणी कुणाला विचारलं नव्हतं. घेतली.