तेरा पिशव्यांचं वर्ष

सोलापूर, १२ जून २०२४

ती. मामींना,
शिवशरणचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. परवा आपण फोनवर पाऊण तास बोललो. फोन ठेवल्यावर श्रीदेवीने विचारलं, काय ठरलं? मला एकही गोष्ट सांगता येईना. तिचं म्हणणं असं, की सासूला जावयाला नाही म्हणवत नाही आणि जावयाला सासूला. दोघं नुसते हो हो करत बसतात. म्हणून तिने फर्मान काढलंय की हिशेबाचं बोलणं यापुढे कागदावर व्हायचं. पत्रं तुमच्या भाकरीच्या टेम्पोने जातील-येतील.

तर मुद्द्याचं. गाळेमालक ऑगस्टअखेरपर्यंत गाळा तुमच्यासाठी थांबवतो म्हणालेत, नंतर तो मोबाईल दुकानवाल्याला विकणार. बारा वर्षं तुम्ही आणि पाच बायका तिथे कडक भाकरी करताय. तो हातचा जाऊ द्यायचा नसेल तर बँकेचं कर्ज हवं आणि कर्जासाठी आयकराचं विवरणपत्र हवं. ते ३१ जुलैच्या आत भरायचं. मॅनेजरच्या म्हणण्याप्रमाणे वर्षाचा नफा निदान साडेतीन लाख दिसला पाहिजे.

तुम्ही गेल्या वर्षीच्या सगळ्या पावत्या महिन्याप्रमाणे लावा. एका महिन्याची एक पिशवी, वर महिन्याचं नाव. पिठाच्या डब्यात, देव्हाऱ्यामागे, उशाखाली जे असेल ते सगळं. आणि फीचा विषय पुन्हा काढू नका, मी सीए असलो तरी हे घरचंच काम आहे.

आशीर्वाद असू द्यावेत.
आपला,
शिवशरण

अक्कलकोट, २४ जून

चि. शिवशरणराव यांस,
गिरिजाबाईचे अ. उ. आ.

पिशव्या टेम्पोत ठेवल्या आहेत. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एक कागद सोडला नाही. दहा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाहुणे आले तर त्यांना वैशाख उचलून बसायला जागा करून दिली. भाद्रपदाला तेल लागलं आहे, ते शेंगाचटणीचं आहे, खात्याने मनावर घेऊ नये.

नफा तीन लाख एकाहत्तर हजार निघाला. आमच्या चुलीवरच्या दानम्माने एकदा कानडीत आणि एकदा मराठीत बेरीज केली, दोन्हींत तेवढाच आला. म्हणजे काळजी मिटली. खरं सांगते, गाळा गेला तर चुली कुठं मांडायच्या, या विचाराने महिनाभर माझा भाकरीवरचा हात थांबत होता. आता सुटला.

श्रीदेवी म्हणते तुम्ही वजन कमी करताय. कशासाठी? लोणी सोबत पाठवलं आहे. पोहोच कळवा, माया आहेच.

गिरिजाबाई

सोलापूर, २८ जून

ती. मामींना,
शि. सा. न. वि. वि.

पिशव्या पोहोचल्या. मोजल्या, तेरा भरल्या. ऑफिसातल्या मंडळींनी पुन्हा मोजल्या, तरी तेराच. मग वरची नावं वाचली: चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, अधिक श्रावण, निज श्रावण. चूक माझी आहे. महिन्याप्रमाणे लावा म्हणालो, कोणते महिने ते सांगितलं नाही.

सगळं पुन्हा तारखेने लावलं. अधिक महिन्याने काही बिघडलेलं नाही. बिघडलं ते दोन्ही टोकांना. सरकारचं वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपतं. तुमचं पाडव्याला, म्हणजे २२ मार्चलाच सुरू झालं आणि यंदाच्या ८ एप्रिलपर्यंत चाललं. हे जादा अठरा दिवस काढावे लागले. त्यांतच स्वामींचा प्रकटदिन गेला, तुमच्या सगळ्यात मोठ्या विक्रीचा दिवस. तो गेल्या वर्षी २३ मार्चला होता आणि यंदा १० एप्रिलला. थोडक्यात, सरकारच्या या वर्षात प्रकटदिन झालेलाच नाही.

नफा तीन लाख तेहतीस हजार उरतो. सतरा हजार कमी पडतात. हे लिहिताना फार वाईट वाटतं आहे. लोणी उत्तम होतं.

आपला,
शिवशरण

अक्कलकोट, २ जुलै

चि. सौ. श्रीदेवी हिस,
आईचे अ. उ. आ.

स्वामी प्रकट झालेच नाहीत, असं लेखी कळवणारा जावई अख्ख्या अक्कलकोटात फक्त मला मिळाला आहे. त्या दिवशी पहाटेपासून आम्ही सहा जणी भाजत होतो, माझ्या मनगटाला अजून डाग आहे, आणि ह्यांच्या वहीत तो दिवसच नाही! दानम्मा म्हणाली, आक्का, सरकारला पंचांग ठावं न्हाय का, एक न्हेऊन द्या की.

स्टँडजवळ एक हिशेब लिहिणारा बसतो. तो म्हणतो, तीन हजार द्या, अठरा दिवस आत ढकलतो, कुणाच्या बापाला कळत न्हाय. मी विचार करून सांगते म्हणून आले. मन खातं आहे ग. पण पाच बायकांच्या घरची चूल माझ्या चुलीवर आहे, त्यांना काय सांगू? तू यजमानांकडे विषय काढ. मी सांगितलं असं म्हणू नकोस.

तुझी,
आई

सोलापूर, ४ जुलै

ती. आईस,
श्रीदेवीचा सा. न. वि. वि.

विषय काढला, तुझं नाव घेतलं नाही. त्यांनी लगेच विचारलं, मामी आणखी काय म्हणाल्या?

आई, ते नाही म्हणाले. लग्नाला नऊ वर्षं झाली, तुझ्या बाबतीत हे त्यांचं पहिलंच ‘नाही’. म्हणाले, विवरणपत्रावर मामींची सही जाणार आहे, खोट्या आकड्याखाली ती मी जाऊ देणार नाही. मग जेवण अर्धं टाकून उठले आणि तेराही पिशव्या घरी घेऊन आले. आता वैशाख आमच्याकडे कोचावर आहे. रागाव हवं तर, पण स्टँडकडे फिरकू नकोस.

तुझी,
श्रीदेवी

सोलापूर, ८ जुलै

ती. मामींना,
शि. सा. न. वि. वि.

एक प्रश्न आहे आणि तो फोनवर विचारायची माझी छाती नाही.

अधिक श्रावणात सोनाराची एक पावती निघाली. धंद्याच्या नावाने, चार ग्रॅमची अंगठी, साडेचोवीस हजार. मागे तुमच्या अक्षरात लिहिलंय, ‘अकाउंटंटची फी’. बेरजेत तुम्ही ती खर्चात धरली आहे. ती अंगठी आत्ता माझ्या बोटात आहे. गेल्या अधिकात धोंड्याच्या जेवणाला बोलावून तुम्ही ती मला दिलीत, आणि मी ती जावयाचं वाण म्हणून घेतली.

वाण असेल तर तो धंद्याचा खर्च नव्हे. खर्चातून काढली की नफा तीन लाख साडेसत्तावन्न हजार होतो आणि गाळ्याचं काम होतं. पण फी असेल तर खर्च राहतो, तीन लाख तेहतीसच्या वर आपण जात नाही आणि मला ती माझ्या उत्पन्नात दाखवावी लागेल. हे घेणाऱ्याने ठरवायचं नाही, देणाऱ्याने सांगायचं. गाळा बाजूला ठेवा आणि खरं असेल तेच लिहा.

आपला,
शिवशरण

अक्कलकोट, ११ जुलै

चि. शिवशरणराव यांस,
अ. उ. आ.

खरं लिहा म्हणालात, लिहिते. सोनाराच्या दुकानात माझ्या मनात फीच होती. धंद्याच्या नोंदणीसाठी तुम्ही आठ खेपा घातल्या होत्या आणि पैशाचं विचारलं की हसायचात. हे गेल्यापासून मी कुणाचं फुकट घेतलेलं नाही, जावयाचं तर नाहीच. म्हणून दुकानातच पावतीच्या मागे तसं लिहिलं.

मग तुम्ही जेवायला बसलात. पुरणाचे धोंडे तीनदा मागून घेतलेत. अंगठी घातल्यावर उठून माझ्या पाया पडलात. मला मुलगा नाही, शिवशरणराव. डोळ्यांत पाणी आलं ते मी चुलीच्या धुरावर ढकललं. फी घेऊन कुणी पाया पडतं का? त्या घडीला ती फी उरलीच नाही. कागदावर लिहिलेलं खोडायचं तेवढं राहून गेलं.

वाण आहे. लिहा. स्टँडवाल्याला नको म्हणून सांगितलं आहे. पण मग तुमची फी आजवर दिलेलीच नाही, असा त्याचा अर्थ होतो. बिल पाठवा. बिलाशिवाय सही करणार नाही, आणि हे मी कागदावर देते आहे.

गिरिजाबाई

अक्कलकोट, २९ ऑगस्ट

चि. शिवशरणराव यांस,
अ. उ. आ.

काल गाळ्याचं खरेदीखत झालं. मालक म्हणून माझी सही झाली. दानम्माने पेढे वाटता वाटता चार स्वतःच खाल्ले. कर एक रुपया नाही आणि गाळा आपला, हे तिला अजून खरं वाटत नाही.

बँकेत मॅनेजरने विचारलं, जावयाने भरलंय होय हे? मी म्हटलं, आमचे सीए आहेत ते.

तुमचं बिल मिळालं. दोन हजार! स्टँडवाला खोटं लिहायला तीन हजार मागतो; खरं लिहिणारा त्याच्याहून स्वस्त कसा? हे मला पटलं नाही. सोबत साडेतीन हजारांचा चेक आहे, माझ्या हाताने लिहिलेला. पावती द्यावी.

आणि हे परत पाठवायचं मनात आणू नका. जावई रुसला तर मी सोलापूरला येऊन समजूत काढीन. सीएने चेक परत केला तर मात्र दुसरा सीए बघीन.

पोरांना मुके, श्रीदेवीला आशीर्वाद, आणि तुम्ही पोटभर जेवत जा.

गिरिजाबाई
(मालक)