क्लेअरच्या माहेरचा रकाना

कार्डिफ,
२३ ऑक्टोबर

श्री. गिरीशभावोजी यांस सुलक्षणावहिनीचा नमस्कार.

हे पत्र लिहायला भाग पडलं ते कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीबद्दलच्या तुमच्या ईमेलमधल्या एका वाक्यामुळे. ‘नकुलच्या बायकोच्या माहेरचा रकाना रिकामाच सोडतो, इंग्रजांच्यात कुळ वगैरे भानगड नसते.’ रकाना सोडू नये. तो भरून पाठवला आहे, आणि कसा भरला ते सविस्तर लिहिते, म्हणजे शंका काढायला तुम्हाला जागा उरणार नाही. ईमेल करत नाही, कारण माझ्या ईमेलचा तुम्ही पहिला परिच्छेदच वाचता असं अरुणाने सांगितलं. (तिला रागावू नका. बायको तुमची असली तरी जाऊ माझी आहे.)

आधी तब्येतीचं. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळलं. त्यानंतरचे व्यायाम तुम्ही करत नाही, हेही कळलं. क्लेअर स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे आणि व्हिडिओवर शिकवायला तयार आहे. जिला रकाना द्यायला तुम्ही तयार नाही, तिच्याकडून गुडघा सुधारून घ्यायला तुमची हरकत नसावी. ह्यांची प्रकृती उत्तम आहे. कानांची तक्रार आहे, पण ती मी बोलत असतानाच उद्भवते.

झालं असं, की फेब्रुवारीत आम्ही आमच्या नकुलकडे मिल्टन कीन्सला गेलो होतो. (त्या गावात चौकांऐवजी गोल आहेत. एका गोलातून सुटलं की दुसरा. दर खेपेला हे एकदा तरी परत कार्डिफच्या रस्त्याला लागतात.) तिथे नातीने, तनयाने, कपाटातून आपल्या कुलवृत्तांताची जुनी आवृत्ती काढली. तिला मराठी अक्षरं लावून लावून वाचता येतात, आणि मी समोर असले की ती वाचावीच लागतात. नकुलच्या पानावर येऊन ती थांबली आणि म्हणाली, “आजी, सगळ्या काकूंचा माहेर लिहिलाय, गाव लिहिलाय, बाबांचा नाव लिहिलाय. आईला फक्त डॅश का?” क्लेअर इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, “इट्स फाइन, तनू. मला माणसं नाहीतच.”

कुरकुर नाही, टोमणा नाही. दूध संपलंय म्हणावं तसं म्हणाली. तिची आई ती लहान असतानाच घर सोडून गेली, वडिलांनी वाढवलं, तेही लग्नाआधी गेले, हे मला ठाऊक होतं. पण त्यातून माणूस ‘मला माणसं नाहीतच’ इथवर पोचतो, हे एवढ्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. परतीच्या वाटेवर हे म्हणाले, “अगं, तिला चालतंय ना? मग तुझं काय अडलंय?” मी म्हटलं, पुढच्या गोलातून डावीकडे घ्या.

तर शोध. वडिलांच्या मागे क्लेअरकडे राहिलेला पत्र्याचा बिस्किटांचा डबा मी मागून घेतला. त्यात काळ्या किनारीचं एक छापील कार्ड होतं, माणूस गेल्यावर इकडे वाटायचे तसलं. ‘जॉन गिडियन टकर, मु. हॅदरकॉम, डेव्हन, वय वर्षे ७१.’ साल १९०९. हे क्लेअरच्या पणजोबांचे वडील. आता तुम्हीच सांगा भावोजी, जॉन गिडियन टकर म्हणजे काय? गिडियनचा मुलगा जॉन, आडनाव टकर. तुम्ही गिरीश वासुदेव, हे तुमचे चुलतभाऊ अजय नरहर, त्यातलंच. मी कागदावर वर ‘गिडियन टकर’ लिहिलं, खाली रेघ मारली आणि गिडियनच्या मागे लागले.

त्यात वसंत गेला आणि अर्धा उन्हाळा गेला. डेव्हनच्या सगळ्या चर्चची जुनी दप्तरं एक्सेटरला एकत्र ठेवलेली आहेत. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. तिथे पेन चालत नाही, पेन्सिल लागते. पर्स बाहेर, कोट बाहेर, माझा दडप्या पोह्यांचा डबाही बाहेर. (तो ह्यांच्याकडे दिला. बाहेर बाकावर बसून त्यांनी संपवला, आणि ‘एक्सेटर छान आहे’ असं मत दिलं.) टकर हे तिकडचे जोशी. जिथे बोट ठेवाल तिथे टकर. अक्षर असं, की पाद्रीबुवांनी घोड्यावर बसून लिहिलंय की काय. पण माझे वडील महाडला जमिनीचे दावे चालवत, आणि मोडीतले कागद मी त्यांना परकर नेसायच्या वयापासून वाचून दाखवलेत, तेव्हा इंग्रज पाद्र्याने मला घाबरवायचं कारण नव्हतं. हॅदरकॉममध्ये गिडियन टकर नाही. शेजारच्या खेड्यात नाही. त्याच्या शेजारच्या खेड्यात एक मिळाला, पण तो नऊ महिन्यांचा असताना वारला. त्याला जॉनचा बाप करणं शक्य नव्हतं. मी तारखा पुन्हा तपासल्या, तरी शक्य नव्हतं. हॅदरकॉमच्या पाद्रीणबाईंनाही भेटले. त्यांच्याकडे सहा गावांची चर्च आहेत आणि त्या एका लहान मोटारीतून देव वाटत फिरतात. कुलाचार काय, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, सप्टेंबरात कापणीचा सण आणि रविवारी कॉफी. मी लिहून घेतलं.

शेवटी तिथलं दप्तर सांभाळणाऱ्या मिसेस पेन माझ्या टेबलाशी आल्या. त्या माझ्याच वयाच्या आणि साधारण माझ्याच स्वभावाच्या असल्याने तोवर आमचं फारसं बोलणं झालं नव्हतं. “गिडियनच का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “मधलं नाव बापाचं. दुसऱ्या कोणाचं असणार?” त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याचं मधलं नाव क्लाइव्ह. त्याच्या घराण्यात क्लाइव्ह कोणी झाला नाही. त्याच्या आईला ते आवडलं, इतकंच.”

भावोजी, मी या देशात बेचाळीस वर्षं राहतेय. यांचे कर भरले, यांच्या शाळांत मुलांना इतिहास शिकवला, आणि हे मला कोणी सांगितलं नाही. आवडलं म्हणून मधे नाव. ज्या लोकांनी निम्म्या जगाची मोजणी करून नकाशे केले, त्यांनी स्वतःच्या मुलाच्या नावात बापाचा पत्ता लिहू नये, आणि चूक माझी म्हणावी. मी ती मान्य केलेली नाही. फक्त गिडियन सोडला आणि नुसता जॉन शोधायला घेतला.

तो त्याच दुपारी मिळाला. हॅदरकॉम, १८३८. मुलाचं नाव जॉन गिडियन. आई मेरी टकर. बापाची जागा कोरी. आणि पुढे ‘धंदा अथवा पेशा’ या रकान्यात, जिथे इतरांपुढे मजूर, सुतार, लोहार असं आहे, तिथे मेरीपुढे पाद्रीबुवांनी लिहिलंय, ‘अविवाहित स्त्री’. म्हणजे हा तिचा पेशा. मी बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. पेन्सिल होती म्हणून. पेन असतं तर दप्तरात एक दुरुस्ती झाली असती.

संध्याकाळी क्लेअरला फोनवर सांगितलं. आडवळणाने सांगणं मला जमत नाही, तुम्हाला माहीत आहे. तिने मेरीचं नाव मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, “म्हणजे तिने त्याला स्वतःजवळ ठेवलं.” मी हो म्हटलं. “एकटीने.” मी म्हटलं, एकटीने की कसं, ते उद्या जमिनीचे कागद बघून सांगते.

आता जमिनीचं. त्याच सुमारास इकडे चर्चचा सारा ठरवायला गावोगाव नकाशे झाले, आणि प्रत्येक नकाशाबरोबर तक्ता. तुकड्याचा नंबर, मालक कोण, वहिवाट कोणाची, पीक काय, सारा किती. आपला सातबाराच. मिसेस पेन समजावून सांगायला लागल्या तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि तक्ता पुढे ओढला. मालक: गिडियन हेक्स्ट, शेतकरी. वहिवाट: मेरी टकर. तपशील: झोपडी आणि बाग. अख्ख्या हॅदरकॉममध्ये गिडियन नावाचा माणूस हा एकच, भावोजी, आणि त्याच्याच रानाच्या कडेला मेरी आपल्या मुलाला घेऊन राहतेय. मी तक्ता मिसेस पेनकडे फिरवला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाल्या, की त्या काळी मजुरांच्या पोरांना दोन नावं सहसा ठेवत नसत. ठेवलं असेल तर कोणीतरी मुद्दाम ठेवलं. लग्न न झालेल्या आया कधीकधी असं करत, गावाला कळावं म्हणून.

म्हणजे मेरी टकरने केलं ते आपण करतो तेच. बापाचं नाव मधे घातलं. दप्तराने तिला जागा दिली नाही, तर तिने ती मुलाच्या नावात करून घेतली. मी पहिल्या दिवशी वाचलं ते बरोबर वाचलं होतं. आडनाव तेवढं चुकलं. “हा पुरावा नाही,” असं मिसेस पेननी बजावलं, आणि तुम्हीही तेच म्हणणार. पण आपल्या मूळपुरुषाला देवीने स्वप्नात येऊन आंब्याखालची जागा दाखवली, हे तुम्ही पान सातवर निर्धास्त छापलंय. त्या मानाने माझ्याकडे नकाशा आहे.

मग मागच्या शनिवारी आम्ही हॅदरकॉमला गेलो. हेक्स्टांचं शेत अजून हेक्स्टांकडेच आहे. क्लेअर गाडीतून उतरेना. “आई, प्लीज, असं कोणाच्या दारात जाऊन सांगत नाहीत.” मी म्हटलं, व्याह्यांच्या दारात जातात. माझ्या हातात बेसनाचे लाडू, नारळ आणि उपरणं होतं. दार उघडलं ते रॉय हेक्स्ट यांनी, वय ऐंशीच्या घरात, पायात सॉक्स. मी नाव सांगितलं, उपरणं दिलं आणि म्हटलं, की तुमच्या खापरपणजोबांना बहुधा एक मुलगा जास्त होता, आणि त्याच्या वंशातली मुलगी माझ्या गाडीत बसलीय. त्यांनी उपरण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “मग तुम्ही आत आलेलं बरं.”

चहा झाला. नारळाचं काय करायचं ते मी सांगितलं. क्लेअर खुर्चीच्या टोकावर बसून होती. नकाशा टेबलावर पसरून मी मेरीच्या तुकड्यावर बोट ठेवलं, तेव्हा रॉय वाकले आणि म्हणाले, “हे तर टकर्स. आमच्या आजोबांपासून सगळे त्याला टकर्स म्हणतात. झोपडी राहिली नाही, आता बटाटे लावतो. पण टकर म्हणून इथे कोणी मी तरी पाहिला नाही.”

क्लेअर म्हणाली, “मी आहे.”

रॉय बूट घालून तिला तुकडा दाखवायला घेऊन गेले. चिखल होता म्हणून मी गेले नाही. (चिखल फार नव्हता. ह्यांना मी थांबवून धरलं.) निघताना मी रॉयना समजावून सांगितलं, की आमच्यात मुलगी माहेराहून रिकाम्या हाताने निघत नाही. ते विचारात पडले आणि मागच्या दाराने गेले. काय घेऊन आले ते शेवटी नोंदवलं आहे.

तेव्हा छापायचं ते असं: ‘क्लेअर. माहेर टकर. मूळ गाव हॅदरकॉम, डेव्हन. मूळस्त्री मेरी टकर. तिचा मुलगा जॉन, पिता बहुधा गिडियन हेक्स्ट.’ ‘मूळस्त्री’ असा शब्द नाही म्हणाल तर आता झाला. ‘बहुधा’ गाळू नये. ‘अविवाहित’ लिहायची गरज नाही, तो तिचा पेशा नव्हता. कुलदैवताच्या जागी सेंट पीटर घाला, हॅदरकॉमचं चर्च त्यांच्या नावाचं आहे. गोत्र क्लेअरला विचारलं, तर म्हणाली, “ऑप्शन्स काय आहेत?” ते तुमच्यावर सोपवते.

अरुणाला आशीर्वाद. गुडघा हलवा.

तुमची वहिनी,
सुलक्षणा

ता. क. तुम्ही माहितीसाठी पाठवलेल्या त्याच नमुन्यात माझी स्वतःची नोंदही दुरुस्त केली आहे. मी इतिहासात बी.ए. आहे. शिक्षणाचा रकाना तुमच्याकडे मागच्या आवृत्तीतही होता, तो तुम्ही फक्त पुरुषांचा भरलात.

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. जानेवारीतल्या प्रकाशन समारंभाला रॉय हेक्स्ट यायचं म्हणताहेत. ते ब्रिस्टलच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. क्लेअरच त्यांना घेऊन येणार आहे, आणि ते तुमच्याकडेच उतरतील, हे मी कळवून टाकलं आहे. व्याही म्हणून पहिल्या रांगेत बसवावं, फेटा बांधावा. तिखट कमी. रकाना रिकामा राहिला तर त्यांना काय म्हणून बसवायचं, ते तुम्हीच त्यांना इंग्रजीत समजावून सांगा.

देण्याघेण्याची नोंद. तिकडे निघालेल्या आमच्या शेजारच्या मंजिरीच्या हाती तुमच्यासाठी दिलं: बाप्तिस्म्याच्या पानाची नक्कल, नकाशाची व तक्त्याची नक्कल, भरलेला नमुना (शाईने), गुडघ्याच्या व्यायामांचा कागद क्लेअरच्या हातचा. पोचल्याची सही करून मंजिरीजवळच द्यावी. मी हेक्स्टांना दिलं: उपरणं, नारळ, लाडू. हेक्स्टांनी क्लेअरला दिलं: टकर्समधले बटाटे एक पिशवी, अंडी, आणि ‘ख्रिसमसला ये’, हे तोंडी.