‘काळ्या’ म्हणजे फ्रेंड

१५ जाने. २०११, व्हिटबी, कॅनडा
बेसमेंटमध्ये गेम. मी, माझा जुना दोस्त नित्या आणि ऑफिसातला डेस्मंड. फासे टाकायचे, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं. राजे, योद्धे, राक्षस. चाळिशीला टेकलोय, पण असो. डेस्मंडचे आईवडील जमैकाचे. आधीच्या ग्रुपने त्याला सुनावलेलं, वायकिंग काळा कसा असेल? गेमच्या दुकानात लोक त्याला सिक्युरिटीवाला समजतात. म्हणाला, तुमच्याकडे आलो की खांदे सैल होतात. बरं वाटलं.

२९ जाने.
बेल वाजली. नित्या नेहमीसारखा ओरडला, "काळ्या आला रे!" डेस्मंड आत येत म्हणाला, "यू गाइज ऑलवेज से दॅट. व्हॉट्स काळ्या?" नित्याने चिप्समध्ये तोंड खुपसलं. मी म्हटलं, "इट मीन्स फ्रेंड." निघून गेलं तोंडातून. केवढा खूश झाला! इतके दिवस मीही हसत आलोय, नित्याला कधी थांबवलं नाही.

१२ फेब्रु.
त्याने आपल्या योद्ध्याचं नाव बदललं. काळ्या. नित्या उशीत तोंड घालून हसला. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आजच सांग. नंतर तुलाच जड जाईल." पुढच्या शनिवारी नक्की.

१९ फेब्रु.
नाही सांगितलं. गाडीत उच्चाराची प्रॅक्टिस करतो म्हणे. आमच्या पोरीला न येणारा ळ त्याला यायला लागलाय. लाज वाटते.

५ मार्च
टोरोंटोच्या गेमिंग मेळाव्यासाठी डेस्मंड टी-शर्ट छापणार. पाठीवर ते नाव, "इन युअर स्क्रिप्ट." कागद पुढे केला. मी वळणदार अक्षरात ‘मित्र’ लिहिलं. कुणाला कळतंय! थोडा हुशारच वाटलो स्वतःला. नंतर झोप नीट नाही...

१९ मार्च, टोरोंटो
तिकिटाच्या रांगेत मागे एक मराठी मुलगी. त्याची पाठ वाचून म्हणाली, "मित्र! फ्रेंड! सो नाइस."
डेस्मंड वळला. "नो, नो. इट सेज काळ्या." ळ अगदी स्वच्छ.
तिचं हसू गेलं. "हू टोल्ड यू दॅट?"
"ही डिड." माझ्या खांद्यावर हात ठेवून.
ती मला मराठीत म्हणाली, "तुम्ही सांगताय की मी सांगू?"
वॉशरूमला जाऊन आलो म्हणून सटकलो. दार लावून हे खरडतोय. ते दोघं बाहेर उभे आहेत.